पावसाळ्यांतील ठिणगी : मोटारसायकलच्या एका दुखण्याचें निदान

भोर व वेल्हें या भागांतील वाचकांस पावसाचें वर्णन करून सांगणें म्हणजे कोंकणांतील मनुष्यास समुद्राचें वर्णन ऐकविण्यासारखें होय. मृग नक्षत्र लागलें कीं पश्चिमेकडील ढग तोरणा व राजगड यांच्या माथ्यावर येऊन टेकतात, आणि मग नीरा, वेळवंडी, कानंदी व गुंजवणी या नद्यांस कित्येक आठवडे उसंत म्हणून मिळत नाहीं. आमच्या खाचरांतील भात या पावसावर उभें आहे, भाटघर धरण या पावसानें भरतें, आणि आमचीं मुलें याच पावसांत इरलें किंवा रेनकोट घेऊन शाळेस येतात. तेव्हां पावसास नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं.

तथापि याच पावसांत आमच्या पालकांची व शिक्षकांची एक नित्याची अडचण उत्पन्न होते. ज्या वाड्यावस्त्यांवर एस. टी. ची गाडी दिवसांतून एकदां किंवा दोनदां जाते, तेथें मोटारसायकल ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दूध डेअरीस न्यावयाचें, रोग्यास दवाखान्यांत पोंचवावयाचें, बाजारहाट करावयाचा, सर्व कांहीं तिच्यावर. आणि ही गाडी, जी चैत्र-वैशाखांत एका किकेंत सुरू होते, तीच आषाढांत ऐन रस्त्यावर मुकाट बंद पडते. ती कां पडते, आणि तिचा दोष कसा शोधावा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. हायस्कूलच्या वार्षिकांत असा विषय पाहून कित्येकांस आश्चर्य वाटेल. त्यांच्याकरितां आमच्यावर आलेला एक प्रसंग प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी दहावीच्या परीक्षेंत एका विषयांत राहिला व पावसाळ्यांतील पुरवणी परीक्षेस बसला. मुलगा कष्टाळू होता. त्याचें घर वेल्ह्याच्याही पलीकडे, आणि परीक्षेचें केंद्र भोर येथें. पेपरच्या आदल्या सायंकाळीं उजळणी घेण्याकरितां आम्ही त्याच्या घरीं मुक्कामास गेलों, व सकाळीं त्यास आपल्याच गाडीवरून घेऊन यावें असें ठरविलें. गाडी रात्रभर पडवीबाहेर पावसांत उभी होती. सकाळीं ती कुरकुरत सुरू झाली. मार्गासनीच्या अलीकडे एका मोरीवरून वाहणाऱ्या पाण्यांतून ती पार झाली, पुढें थोडी फडफडली, आणि थांबली.

आम्ही पदार्थविज्ञानाचे शिक्षक. विद्युत्प्रवर्तनाचा धडा आम्हीं किती वर्षें शिकविला असेल, याची गणती नाहीं. परंतु त्या सकाळीं आम्हीं काय केलें? पाय दुखेपर्यंत किक मारली. चोक ओढला व पुनः किक मारली. भर पावसांत पेट्रोलच्या टाकीचें झाकण उघडून आंत पाहिलें. फ्यूज काढला, पुसला, बसविला. मुलगा हातांत पाटी व प्रवेशपत्राची पिशवी धरून शेजारीं उभा होता. सुमारें अर्धा तास असा गेल्यावर दुधाच्या किटल्या लावलेल्या गाडीवरून एक गृहस्थ आले. त्यांनीं गाडी थांबविली आणि आमच्या गाडीस हात लावण्यापूर्वीं विचारिलें, "गुरुजी, आतां किका नका मारूं. आधीं सांगा, बंद कशी पडली? झटक्यासरशी, कां फडफडत? आणि पाण्यातनं आल्यावर, का त्याच्या आधीं?"

आम्हीं उत्तर दिलें. त्यांनीं प्लगच्या टोपीवर हात ठेविला, ती उपसून काढली, आणि प्लग ज्या खोलगट जागेंत बसतो तिकडे बोट दाखविलें. ती जागा पाण्यानें भरली होती. पाणी निघून जाण्याकरितां तेथें एक बारीक भोंक असतें, तें चिखलानें बुजलें होतें. टोपीस एक तडा होता. त्यांनीं काडीनें भोंक मोकळें केलें, कोरड्या फडक्यानें सर्व पुसलें, सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा टोपीवर चढविला. तिसऱ्या किकेस गाडी चालू झाली. सर्व मिळून दहा मिनिटेंही लागलीं नाहींत.

आम्ही भोरास पोंचलों तेव्हां प्रवेशाची वेळ टळून गेली होती. पेपर विज्ञानाचा होता. मुलगा कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं त्याचे वडील म्हणाले, "जाऊं द्या गुरुजी, पावसापुढं कुणाचं काय चालतंय?" त्यांचें हें सौजन्य होय, परंतु दोष पावसाचा नव्हता, हें आम्ही जाणत होतों. मुलगा पुढील मार्चांत त्या विषयांत उत्तीर्ण झाला, तरी मधले महिने गेले ते गेलेच. त्या दिवसापासून आम्हीं हा विषय हातीं घेतला. जें शिकलों तें विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें मांडीत आहों.

१. ठिणगी कशी उत्पन्न होते

मोटारसायकलच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण शिरतें. दट्ट्या तें दाबून सुमारें नवव्या किंवा दहाव्या हिश्श्याइतकें लहान करितो. नेमक्या त्या क्षणीं प्लगच्या दोन टोंकांमधील फटींत ठिणगी पडली पाहिजे. ही फट साधारणपणें सहा ते आठ दशांश मिलिमीटर, म्हणजे जाडशा पुठ्ठ्याएवढी असते. फट लहान दिसते खरी. परंतु दाबलेल्या वायूंतून ती ओलांडण्यास विजेस दहा ते वीस हजार व्होल्टचा दाब लागतो, प्रसंगीं त्याहूनही अधिक. गाडींतील बॅटरी तर अवघी बारा व्होल्टची. मग हा दाब येतो कोठून?

याचें उत्तर मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढिलें. हा थोर शास्त्रज्ञ लहानपणीं पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार होता, व जीं पुस्तकें बांधावयास येत तीं वाचून तो शिकला. त्यानें लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं, आणि एका वेटोळ्यांतील प्रवाह सुरू किंवा बंद केला कीं दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, असें दाखविलें. आमच्या गाडीची कॉइल म्हणजे त्याच कड्याची नात होय. तिच्यांत जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतील प्रवाह एकदम तोडला कीं चुंबकशक्ति कोसळते, आणि बारीक तारेच्या टोंकांस प्रचंड दाब उत्पन्न होतो. कित्येक गाड्यांत प्रवाह तोडण्याऐवजीं विजेचा सांठा करणारा संधारक भरून तो एकदम रिता करितात, तत्त्व तेंच. १९०२ सालीं जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या स्टुटगार्ट येथील कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड या अभियंत्यानें उच्च दाबाचें मॅग्नेटो व त्यास साजेसा प्लग सिद्ध केला, आणि तेव्हांपासून वाहनांतील ठिणगी भरंवशाची झाली.

चार टप्प्यांचें इंजिन मिनिटास सहा हजार फेरे घेत असलें, तर दर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणें दर सेकंदास पन्नास ठिणग्या लागतात. त्यांतील कांहीं चुकल्या तर गाडी फडफडते, सर्व चुकल्या तर ती थांबते.

२. पाणी काय करितें

आतां आपल्या खाचराकडे पाहूं. वरच्या खाचरांत पाणी अडविलेलें असतें व बांध त्यास धरून ठेवितो. बांधास खेकड्यानें एक बीळ पाडिलें, कीं पाणी ठरलेल्या वाटेनें न जातां त्या बिळांतून खालीं पळतें, आणि सकाळीं शेतकऱ्यास खाचर रितें दिसतें. बांधाची उंची जितकी अधिक, तितकी गळती शोधण्याची पाण्याची ओढही अधिक. उच्च दाबाच्या विजेचा स्वभाव असाच आहे. तारेवरील रबर, टोपी, प्लगची पांढरी चिनीमाती हे तिचे बांध होत. त्यांत कोठेंही ओल, चीर किंवा घाण असेल, तर ठिणगी प्लगच्या फटींत न पडतां त्या बिळानें इंजिनच्या धातूंत उतरून जाते.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. अगदीं शुद्ध पाणी हें विजेचें चांगलें वाहक नव्हे. परंतु रस्त्यावरून उडालेल्या पाण्यांत माती व क्षार असतात, आणि ते विजेस वाट देतात. म्हणून स्वच्छ टोपी थोडी भिजली तरी निभावतें, पण चिखलानें माखलेली टोपी नुसत्या दमट हवेंतही दगा देते. शिवाय वीज एकदां ज्या वाटेनें घसरली, तेथें कोळशाची सूक्ष्म रेघ उमटते. मग पाणी वाळलें तरी ती रेघ वाटेचें काम करीतच राहते. "काल उन्हांत नीट चालली, आज झिमझिम पावसांत पुनः बंद पडली" या तक्रारीचें मूळ कित्येकदां या रेघेंत असतें.

पाणी टोपींत शिरतें कसें? तीन वाटा आहेत. पहिली, पुढच्या चाकानें उडविलेला फवारा. अनेक गाड्यांत प्लग पुढील बाजूसच असतो, त्यामुळें फवारा थेट त्यावर येतो. दुसरी, वर सांगितलेलें बुजलेलें भोंक. तिसरी वाट अधिक चमत्कारिक आहे. इंजिन तापलें कीं टोपीखालील हवा प्रसरण पावून थोडी बाहेर निघते. त्यावर थंड पाणी पडलें कीं आंतील हवा आकुंचन पावते, आणि बाहेरची ओली हवा व पाण्याचे थेंब आंत ओढले जातात. म्हणजे टोपी जणूं श्वास घेते.

आणखी एक प्रश्न आमचे विद्यार्थी विचारितात : सपाट रस्त्यावर चालणारी गाडी पाबे घाटाच्या किंवा वरंधा घाटाच्या चढावरच कां फडफडते? चढावर आपण मूठ अधिक पिळतों. इंजिनांत मिश्रण अधिक भरतें, त्याचा दाब वाढतो, आणि दाब वाढला कीं फट ओलांडण्यास विजेसही अधिक जोर लागतो. तो जोर येण्यापूर्वींच ती सोपें बीळ शोधून पळते. चढावरील फडफड ही म्हणूनच ठिणगीच्या गळतीची एक मोठी खूण समजावी.

३. निदानाची पद्धति

वैद्य रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं त्यास प्रश्न विचारितो. आम्हीं जी चूक केली ती अशी, कीं प्रश्न न विचारतां औषध सुरू केलें. खालील क्रम पाळावा, व एका वेळीं एकच गोष्ट करून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कोणत्या गोष्टीनें झाली हें कळत नाहीं, व पुढच्या पावसांत आपण पुनः अज्ञानीच राहतों.

(१) प्रथम जागा. गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित ठिकाणीं घ्यावी. वाहत्या पाण्यांत, मोरीवर किंवा दरडीखालीं उभें राहून दुरुस्ती करूं नये.

(२) मग प्रश्न. गाडी दिवा विझावा तशी एकाएकीं थांबली काय? तसें असेल तर वीज कोठें तरी पूर्ण तुटली असण्याचा संभव अधिक : फ्यूज, मुख्य स्विच, बॅटरीची सैल तार, अथवा मुठीजवळील इंजिन बंद करण्याचें बटण. ती फडफडत, अडखळत थांबली काय? तर ठिणगीची गळती किंवा पेट्रोलची अडचण. पाण्यांतून आल्यावर लगेच, कीं बऱ्याच वेळानें? रात्रभर भिजल्यावर सकाळींच, कीं तापल्यावर?

(३) डोळे व कान. हॉर्न वाजवून पाहावा, दिवे लावून पाहावे. ज्या गाडींत हे बॅटरीवर चालतात तींत तेही मेले असतील, तर प्लगपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. फ्यूज व बॅटरीचीं टोंकें पाहावीं. टोंकांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसल्यास ती घासून काढावी. इंजिन बंद करण्याचें बटण चुकून दाबलें गेलें नाहीं ना, व ज्या गाडींत बाजूच्या स्टँडला स्विच असतो तेथें चिखल भरला नाहीं ना, हें पाहण्यास पैसा लागत नाहीं.

(४) पेट्रोल. टाकींत पेट्रोल आहे ना, कॉक उघडा आहे ना? पावसांत टाकीचें झाकण उघडूं नये. गाडी हलवून आवाजानेंच अंदाज घ्यावा.

(५) टोपी व तार. इंजिन बंद असतां टोपी सरळ ओढून काढावी. तार धरून ओढूं नये. आंतून व बाहेरून कोरड्या फडक्यानें पुसावी. तडा, हिरवा गंज, काळी रेघ शोधावी. तारेचें टोंक गंजलें असेल आणि टोपी तारेवर फिरवून बसणारी असेल, तर तें टोंक अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुनः घट्ट बसवावी. इंजिन कसेंबसें चालत असेल, तर सायंकाळच्या अंधारांत दुरूनच पाहावें. गळती असल्यास टोपीभोंवतीं किंवा तारेवर निळसर ठिणग्या सरपटतांना दिसतात व टिक् टिक् असा आवाज येतो. चालू इंजिनची तार हातानें धरूं नये. झटका जोराचा बसतो.

(६) प्लगची बैठक. प्लग काढण्यापूर्वीं त्याभोंवतालचें पाणी व चिखल काढून टाकावा. हें न केल्यास प्लग निघतांच ती घाण इंजिनांत पडते, आणि एका दुखण्याचीं दोन होतात.

(७) प्लगचें दर्शन. प्लग काढून त्याचें टोंक पाहावें व हुंगावें. पेट्रोलनें चिंब असेल, तर पेट्रोल येत आहे पण ठिणगी नाहीं, अथवा वारंवार किक व चोक यांमुळें पेट्रोल फार झालें आहे. अगदीं कोरडा असेल, तर ठिणगीचा शोध थांबवून पेट्रोलची वाट तपासावी. काजळीनें काळा असेल, तर साफ करावा किंवा बदलावा. पाण्याचे थेंब असतील, तर पाणी कोठून शिरलें हें पाहावें. आम्हीं त्या दिवशीं जो चोक ओढिला, त्यानें प्लग अधिकच बुडविला, हें येथें कबूल करावयास हवें.

(८) ठिणगीची परीक्षा. जुन्या, साध्या गाडींत कोरडा प्लग टोपींत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूस घट्ट टेकवावी, व किक मारून फटींत ठिणगी दिसते काय तें पाहावें. हें करितांना टोपी फडक्यानें किंवा रबरी मुठीच्या पकडीनें धरावी, प्लगच्या भोंकापासून दूर राहावें, व जवळ सांडलेलें पेट्रोल असूं नये. नाहींतर वाफ पेटते. ठिणगी निळी व कडक असेल तर ठीक. पिवळसर, मंद असेल तर टोपी, तार व कॉइल यांवर संशय घ्यावा. मात्र एक सूचना : उघड्या हवेंत पडणारी ठिणगी इंजिनांतील दाबाखालीं पडेलच असें नाहीं. म्हणून ठिणगी दिसली तरी टोपी निर्दोष ठरली असें समजूं नये. शक्य तर दुसरी चांगली टोपी लावून पाहावी.

(९) शेवटीं आंतील भाग. एवढ्यानेंही ठिणगी न आल्यास कॉइल, चुंबकाजवळील संवेदक व त्यांच्या जोडण्या यांत पाणी गेलें आहे काय, हें जाणत्या मेकॅनिककडून पाहून घ्यावें. शाळेच्या प्रयोगशाळेंतील मल्टिमीटर येथें कामास येतो. अनेक टोप्यांत सुमारें पांच हजार ओहमचा रोध असतो. मापकानें मार्ग मुळींच दाखविला नाहीं, तर टोपी निकामी झाली असें समजावें.

या क्रमांत स्वस्त व सोपें तें आधीं, आणि महाग व अवघड तें शेवटीं, असा नियम आहे. आमच्या ओळखीच्या एका पालकांनीं एका पावसाळ्यांत बॅटरी बदलली, मग कॉइल बदलली. दोष मात्र टोपींतच होता. भाग बदलणें म्हणजे निदान नव्हे.

४. जुन्या गाड्या व नव्या गाड्या

ज्यांच्या घरीं जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत आहे, त्यांच्या गाडींत प्रवाह तोडण्याचें काम पॉइंट करितात. त्यांच्या झाकणाखालीं ओल गेली किंवा पॉइंट काळे पडले, कीं ठिणगी मंदावते. झाकण उघडून ते कोरडे करावे, काचकागदानें हलकेच घासावे, व त्यांतील अंतर त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणें ठेवावें. पुढील काळांत पॉइंट गेले व त्यांच्या जागीं न झिजणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. त्यामुळें एक दुखणें गेलें. परंतु टोपी, तार व प्लग राहिलेच, आणि त्यांचीं दुखणींही राहिलीं.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींत कारब्युरेटरच्या जागीं बहुतेक ठिकाणीं पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. अशा गाडींत एक छोटा संगणक सर्व कारभार पाहतो. तिच्यावरील इंजिनचा दिवा पेटलेला राहिला, तर ती खूण समजून जाणत्याकडे जावें. या गाड्यांत टोपी उघडी ठेवून किक किंवा स्टार्टर मारूं नये. विजेस उतरावयास वाट न मिळाल्यास कॉइल व संगणक यांस इजा होण्याचा संभव असतो. पुसणें, वाळविणें, जोडण्या पाहणें एवढेंच घरीं करावें.

आणखी एक नवी गोष्ट. २०२५ सालापर्यंत आपल्याकडील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेण्यांत आलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. टाकींत पाणी जास्त गेलें, तर इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशीं बसतात. मग इंजिनास पेट्रोलऐवजीं हेंच मिश्रण जातें. अशी गाडी ठिणगी उत्तम असूनही सुरू होत नाहीं. कारब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत घ्यावें व स्थिर ठेवावें. खालीं निराळा थर दिसला कीं दोष सांपडला.

५. पावसापूर्वींची तयारी

वळवाचे पाऊस सुरू झाले, कीं शेतकरी बांध दुरुस्त करितो. गाडीच्या मालकानेंही तसेंच करावें. प्लगच्या बैठकींतील भोंक बारीक तारेनें मोकळें करावें. जुनी, कडक झालेली टोपी बदलावी. तिची किंमत एका दिवसाच्या मजुरीहून पुष्कळ कमी असते. टोपीच्या रबरी कडेस आंतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पुढच्या चाकाच्या मडगार्डास खालीं रबरी पट्टी लावून घ्यावी, म्हणजे फवारा अडतो. धुतांना प्लगवर जोराची धार मारूं नये. गाडी छपराखालीं व वारा खेळेल अशी ठेवावी. भिजलेल्या गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळल्यास ओल आंतच कोंडते. सीटखालीं एक कोरडें फडकें, प्लगचा पाना व एक नवा प्लग प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवावा.

६. एक गंभीर सूचना

गाडी पाण्यांत बुडून बंद पडली असेल, आणि सायलेन्सर किंवा हवेचा फिल्टर यांतून पाणी इंजिनांत गेल्याचा संशय असेल, तर किक किंवा स्टार्टर मुळींच मारूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्याचा दांडा वांकतो व इंजिन निकामी होतें. प्लग काढून पाणी बाहेर काढल्यावांचून पुढें जाऊं नये.

परंतु इंजिनाहून मनुष्याचें मोल अधिक. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला व अनेक माणसें प्राणांस मुकलीं. महाड म्हणजे आमच्या वरंधा घाटाच्या पायथ्याकडील गांव. ही गोष्ट दूरची नाहीं. मोरीवरून पाणी वाहत असतां खालील रस्ता शाबूत आहे कीं नाहीं हें वरून दिसत नाहीं, आणि अशा पाण्याच्या मध्यावर इंजिन फडफडलें तर निदान करण्यास वेळ मिळत नाहीं. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावें. आम्ही त्या सकाळीं मोरी ओलांडली, हीही आमची चूकच होती. पेपर पुनः देतां येतो.

आतां शेवटचे दोन शब्द. आमच्याच जिल्ह्यांत, आकुर्डी व चाकण येथें, मोटारसायकली बनविण्याचे मोठे कारखाने उभे राहिले. वाहनांची परीक्षा करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झाली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां तेथें जातील अशी आशा आहे. परंतु जे येथेंच राहून शेती व दुधाचा धंदा करतील, त्यांसही विज्ञान तितकेंच आवश्यक आहे. ज्या गृहस्थांनीं आमची गाडी सुरू केली, त्यांनीं फॅरडेचें नांव ऐकिलें होतें कीं नाहीं, हें आम्हीं विचारिलें नाहीं. पण आधीं विचारणें, मग पाहणें, मग हात लावणें, हा जो शास्त्राचा क्रम, तो त्यांस अंगवळणीं पडलेला होता. आम्हांस तो केवळ मुखोद्गत होता. तेव्हांपासून आमच्या वर्गांत विद्युत्प्रवर्तनाचा धडा झाला, कीं दुसऱ्या दिवशीं एक जुनी कॉइल, एक तडकलेली टोपी व पाण्याचा तांब्या टेबलावर असतो. मुलें आधीं प्रश्न विचारितात, आणि मगच टोपीस हात लावितात.

अभ्यासार्थ प्रश्न

१. प्लगची चिनीमाती स्वच्छ ठेवण्याचें शास्त्रीय कारण काय?
२. चढावर गाडी फडफडते व सपाटीवर फडफडत नाहीं. यावरून कोणता तर्क कराल?
३. प्लग कोरडा आढळला, तर पुढें काय तपासाल, आणि चिंब आढळला तर काय?
४. उघड्या हवेंत ठिणगी पडली, तरी टोपी निर्दोष आहे असें कां म्हणतां येत नाहीं?
५. आपल्या घरच्या गाडीचें प्लगजवळचें भोंक कोठें आहे, तें वडिलांच्या समक्ष शोधून त्याची आकृति काढा.